पिंजरा धुतला, असे लिहून कोणी दिले आहे?

प्रति,
मा. सचिव, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभाग, भारत सरकार
मा. अध्यक्ष, भारतीय पशू कल्याण मंडळ

मी भोपाळच्या अवधपुरीत राहतो. भेलच्या कारखान्यात नोकरीला आलेली आणि पुढे इथेच घर करून राहिलेली मराठी कुटुंबे या भागात पुष्कळ आहेत. आमचे त्यांतलेच एक. आमच्या वस्तीपासून फार लांब नाही अशा आनंदनगरमध्ये राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. सामान्य माणसाला तिचे नाव ठाऊक नसते, आपल्याला ते आहेच. देशात कुठे कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर बर्ड फ्लू आहे की नाही यावरचा अंतिम शब्द याच संस्थेचा असतो.

महाराष्ट्राशी या संस्थेचे नाते संकटांतून जुळत आले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांचे नमुने इथे आले आणि देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूची खात्री इथे झाली. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याची पाळी आली, आणि पाठोपाठ पुन्हा नवापूरची. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला याच संस्थेच्या अहवालाने सांगितले, की तो बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू होता. माणसांशी संघर्ष झाला म्हणून जे वाघ जंगलातून उचलून सुरक्षित ठेवण्यासाठी आणले होते, ते आपल्या यंत्रणेच्या ताब्यात असताना रोगाने गेले. बाहेरचा विषाणू बंद पिंजऱ्यापर्यंत पोहोचायला वाटा मोजक्याच असतात: खाद्य, पाणी, पक्षी, भांडी, कपडे, बूट. त्या वेळी संशय दिल्या जाणाऱ्या कोंबडीच्या मांसावर होता. वाट कोणतीही असो, तिच्यावर पहारा ठेवणे हे कोणाचे तरी रोजचे काम होते.

रोगाचे नाव सांगणारी प्रयोगशाळा माझ्या शहरात आहे, याचा मला अभिमान आहे. पण नाव सांगायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधीचे काम बादली, खराटा, ब्लीच आणि ते हातात धरणारा माणूस यांचे असते. कुत्र्यांची निर्बीजीकरण केंद्रे, गोशाळा, कोंडवाडे, पशुवैद्यकीय दवाखाने, पाळीव प्राणी सांभाळायला ठेवून घेणाऱ्या जागा, दुकानातले पिंजरे, या सगळ्यांत ते काम रोज सकाळी होते किंवा होत नाही. आपल्याला विचारायचे आहे ते या कामाबद्दल.

माझी सारी नोकरी गुणवत्ता तपासणीत गेली. ‘साफ केले’ या दोन शब्दांवर आम्ही एकही भाग पुढे जाऊ देत नव्हतो. कशाने साफ केले, किती वेळ, कोणी केले आणि ते दुसऱ्या कोणी पाहिले, हे चारही लिहिलेले असले तरच सही व्हायची. आपल्या नियमांत आणि मार्गदर्शिकांत स्वच्छतेचा उल्लेख नाही असे मी म्हणत नाही. उल्लेख आहे. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. ज्या जागेत शंभर कुत्री येतात-जातात, तिथला एक विशिष्ट पिंजरा काल कोणत्या औषधाने, किती प्रमाणात, किती मिनिटे भिजवून धुतला आणि त्यानंतर त्यात नवे जनावर कधी ठेवले, हे भोपाळमधला, नागपूरमधला किंवा पुण्यातला एखादा नागरिक आज कोणत्या वहीत पाहू शकतो? आणि ती वही नीट भरली जाते की नाही, हे आपल्या वतीने कोण तपासतो?

हा तपशिलाचा हट्ट नाही, हे आपल्या पशुवैद्यांना विचारून खात्री करून घ्यावी. पार्वोचे उदाहरण घेऊ. कुत्र्यांच्या पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून प्रत्येक निवाऱ्याचा पहिला शत्रू तोच आहे. त्याला बाहेरचे चरबीचे आवरण नसते, म्हणून साबण, स्पिरिट आणि नेहमीची सुवासिक औषधे त्याला पुरत नाहीत. फरशीच्या भेगेत, मातीत तो कित्येक महिने, वर्षभरसुद्धा टिकतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक जागांत काय वापरतात? फिनाईल. पांढरे नाही तर काळे. वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली, असे मालक समजतो, भेट द्यायला आलेला अधिकारीही तेच समजतो. पार्वोसाठी फिनाईलवर भिस्त ठेवता येत नाही. उलट काळ्या फिनाईलमधली द्रव्ये मांजरांना विषारी असतात. ओल्या फरशीवरून चाललेले मांजर पंजे चाटते आणि ते विष पोटात घेते.

जे उपयोगी पडते ते महाग नाही. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपासचे साधे ब्लीच, एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात घेऊन जागा दहा मिनिटे ओली ठेवली तर पार्वो मरतो. पण त्याला अटी आहेत, आणि सगळे बिघडते ते या अटींपाशी. विष्ठा, केस, सांडलेले अन्न आधी खरवडून काढले नाही, साबणाने घासून धुतले नाही, तर ब्लीचची ताकद त्या घाणीतच संपते. सकाळी केलेले द्रावण उन्हात ठेवले तर ते निकामी होत जाते. ते रोज ताजे करावे लागते. दहा मिनिटे म्हणजे दहाच मिनिटे. ओतले आणि लगेच वायपर फिरवला, तर औषधाचे पैसे गटारात गेले. शेवटी पाण्याने धुऊन जागा वाळू द्यावी लागते, कारण ओल्या फरशीवर जनावराची कातडी सोलवटते आणि उरलेले जंतू तिथेच वाढतात.

आता हे सगळे करताना पिंजऱ्यातले कुत्रे कुठे असते? हा प्रश्न आपल्यापैकी कोणी एखाद्या केंद्राला कधी विचारला आहे काय? पिंजऱ्याचे दोन भाग आणि मध्ये सरकते दार असेल तर कुत्रे एका बाजूला घेऊन दुसरी बाजू धुता येते. तसे नसेल तर कामगार कुत्रे आत असतानाच पाण्याचा पाइप सोडतो. भेदरलेले जनावर कोपऱ्यात अंग चोरून उभे राहते, पोटावर ताजे टाके असलेली कुत्री भिजते आणि घाणीचे शिंतोडे शेजारच्या पिंजऱ्यात उडतात. सकाळच्या वेळी ज्याने अशी जागा पाहिली आहे त्याला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. आपण पाहिले असेलच. जागेचा नकाशा मंजूर करताना त्या एका सरकत्या दाराची सक्ती केली असती, तर किती टाके चिघळायचे वाचले असते?

क्रमाचेही तसेच. आधी निरोगी पिल्ले, मग निरोगी मोठी जनावरे, शेवटी आजारी, आणि आजाऱ्यांच्या खोलीचा खराटा, बादली, गमबूट वेगळे. एवढे पाळले तरी अर्धी लढाई जिंकली जाते. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. दोन रंगांच्या बादल्या लागतात आणि कामगाराला हे समजावून सांगणारे कोणी लागते. कुत्री पकडायची जाळी आणि ती आणणारी गाडी हेही पिंजऱ्याइतकेच धुवावे लागतात. एका मोहल्ल्यातले आजारी कुत्रे ज्या जाळ्यात आले, त्याच जाळ्यात तासाभराने दुसऱ्या मोहल्ल्यातले निरोगी कुत्रे येते. लोकांच्या तक्रारीवरून उचललेले, कसलाही आजार नसलेले जनावर अशा रीतीने सरकारी खर्चाने आजारी पडते आणि नियमानुसार परत त्याच गल्लीत सोडले जाते. गल्लीतल्या बाकीच्या पिल्लांना ते काय देईल?

आमच्या घरी आणलेले एक पिल्लू असेच गेले. बाहेरगावी जावे लागले म्हणून त्याला काही दिवस एका जागी ठेवले होते. परत आणले तेव्हा ते खात नव्हते. तिसऱ्या दिवशी सलाइन लागलेले असतानाच गेले. त्या जागेचे नाव मी इथे घेत नाही. तिच्यासारख्या अनेक आहेत आणि त्यांच्यापैकी कोणालाही सरकारने कधी नीट शिकवलेले नाही. मला त्या मालकाचा राग येत नाही असे नाही. पण पिल्ले विकणाऱ्या दुकानांसाठी आपण २०१८ मध्ये नियम केले, प्रजनन करणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये केले. मग दिवाळीत, मे महिन्यात लोक ज्यांच्या भरवशावर घरची जनावरे सोडून जातात, त्या जागांची शेवटची तपासणी कधी झाली आणि तीत काय आढळले, हे मला कोण सांगणार?

सर्वांत जास्त दुर्लक्ष ज्याच्याकडे झाले आहे तो जनावर नव्हे, माणूस आहे. पिंजरे धुणारी बाई किंवा बाप्या बहुतेक ठिकाणी कंत्राटावर असतो. फिनाईल आणि ॲसिडने बोटांची कातडी फाटलेली असते. हातमोजे मागितले तर मिळतात, न मागितले तर मिळत नाहीत, आणि मागायची हिंमत सगळ्यांना नसते. उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या लघवीतून होणारा लेप्टोस्पायरोसिस फाटलेल्या कातडीतून अंगात शिरतो. गजकर्ण तर घरापर्यंत, पोरांपर्यंत जाते. गाईच्या वारेला उघड्या हातांनी स्पर्श करणाऱ्याला ब्रुसेलोसिस होऊ शकतो आणि त्याचा ताप महिनोन् महिने सुटत नाही. लवकर साफ व्हावे म्हणून कोणी ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड मिसळले, तर क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत कोंडलेला वायू काय करतो, हे भोपाळच्या माणसाला सांगावे लागू नये. १९८४ च्या डिसेंबरात इथल्या रस्त्यांवर माणसांबरोबर गाई-म्हशीही पडल्या होत्या. ‘ही दोन औषधे एकत्र करू नका’ एवढा फलक प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावणे आपल्याला अवघड आहे काय?

आणि रेबीज. २८ सप्टेंबर २०२१ ला आपल्या सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा शब्द दिला. आपल्याच विभागाचे नाव त्या आराखड्यावर आहे. कुत्रा चावण्याआधीच ज्यांना लस द्यायला हवी त्यांत पिंजरे धुणारे, कुत्री पकडणारे आणि गाडी चालवणारे पहिले येतात. देशभरातल्या किती केंद्रांतल्या किती कामगारांना ही लस दिली, हा आकडा आपल्याकडे आहे का? असेल तर तो आपण छापत का नाही? नसेल तर २०३० चा शब्द कशाच्या आधारावर दिला होता? चावा झाल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची असते, हे आरोग्य खात्याच्या प्रत्येक भिंतिपत्रकावर असते. ज्या केंद्रात हात धुवायला साबण नाही, तिथे त्या पत्रकाचे काय करायचे?

शस्त्रक्रियेच्या खोलीकडे वळतो. निर्बीजीकरणाचे पैसे बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियांच्या संख्येवर ठरतात. जितकी कुत्री, तितके पैसे. अशा हिशेबात उपकरणांचा संच प्रत्येक कुत्र्यासाठी वेगळा ठेवणे, तो १२१ अंशांवर पुरेसा वेळ वाफेखाली ठेवणे, टेबल पुसून औषध वाळेपर्यंत थांबणे, टाके भरेपर्यंत जनावर कोरड्या पिंजऱ्यात ठेवणे, हे सगळे तोट्याचे ठरते. घाई करणाऱ्याचा फायदा होतो, नीट करणारा मागे पडतो. ही रचना कंत्राटदाराने केलेली नाही. २००१ च्या नियमांच्या जागी १० मार्च २०२३ ला नवे नियम आणताना केंद्रांना मान्यता देण्याचा अधिकार आपण मंडळाकडे ठेवला. तो अधिकार वापरताना दरात स्वच्छतेचा वेगळा रकाना असावा, अशी अट का घातली जात नाही?

काढलेले अवयव, रक्ताने भिजलेला कापूस, सुया, यांचेही बोलले पाहिजे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम माणसांच्या रुग्णालयांना जसे लागू आहेत तसे पशुवैद्यकीय संस्थांनाही आहेत. अवयव पिवळ्या पिशवीत, सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, आणि पुढे अधिकृत यंत्रणेकडे. मंडळाची मान्यता मिळालेल्या किती केंद्रांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घेतली आहे? दोन सरकारी संस्थांच्या याद्या शेजारी ठेवल्या की उत्तर मिळते. ते काम आपल्या कार्यालयात एक लिपिक दोन दिवसांत करील.

हा विषय आता पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांचा प्रश्न दिल्लीपुरता न ठेवता सगळ्या राज्यांपर्यंत नेला, आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारांतली कुत्री निवाऱ्यात न्यावीत, परत तिथे सोडू नयेत, असे सांगितले. लहान मुलांवर झालेले हल्ले आम्ही भोपाळकरांनी जवळून पाहिले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये आमच्याच बाजूच्या अयोध्यानगरात काही महिन्यांचे बाळ कुत्र्यांनी मारले. त्या आईचे दुःख बाजूला ठेवून मी कुत्र्यांची कड घेत नाही. पण हजारो कुत्री आत घ्यायची आणि जागा तीच, पाणी तेच, कामगार तेवढेच, याचा अर्थ काय होतो हे आपल्याला माहीत आहे. गर्दी, ओल, उपाशी आणि घाबरलेली जनावरे, लस न दिलेली पिल्ले. निवाऱ्याच्या नावाखाली रोगाचे कोठार उभे राहील आणि मेलेल्यांची मोजदादही होणार नाही. न्यायालयाने निवारे मागितले. त्या निवाऱ्यांतल्या प्रत्येक कुत्र्यामागे किती जागा, किती पाणी आणि किती माणसे हवीत, याचा हिशेब आपण न्यायालयापुढे ठेवला का?

कुत्र्यांचे रोग कुत्र्यांपाशी थांबत नाहीत. २०१८ च्या पावसाळ्याअखेरीस गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह गेले आणि त्यांच्यात कुत्र्यांमधला डिस्टेम्पर हा विषाणू आढळला. भोपाळच्या केरवा-कलियासोत भागात वाघ वस्तीच्या अगदी जवळ येतात, आणि त्याच कडेला भटकी कुत्री असतात. वनविहारात तर बंदिस्त वाघ-सिंह शहराच्या कुशीतच आहेत. डिस्टेम्पर हवेतून, श्वासातून पसरतो, म्हणून आजाऱ्यांना वेगळी खोली लागते. पण फरशीवर, भांड्यांवर तो साध्या साबणाने आणि सुकण्याने मरतो. जिथे इतका नाजूक विषाणूसुद्धा भांड्यावरून भांड्यावर फिरत राहतो, तिथे मूलभूत धुलाईच होत नाही असे समजावे.

गोशाळांबद्दल बोलताना मला संकोच वाटतो, कारण तिथे काम करणाऱ्या पुष्कळांचा भाव खरा असतो. तरी बोलतो. विदर्भातल्या आमच्या गावच्या गोठ्यात चार गुरे होती. पहाटे शेण उचलले जाई, मुताची नाली वाहती ठेवली जाई, ओल्या जागी राख टाकत, पावसाळ्याआधी भिंतींना चुना मारत, संध्याकाळी कडुनिंबाची धुरी. जनावर आजारी दिसले की ते आधी बाहेर, झाडाखाली बांधायचे. हे कोणी शासननिर्णय काढून शिकवले नव्हते. आज पाचशे गाई एका छपराखाली ठेवणाऱ्या जागेत आजारी गाईसाठी वेगळे छप्पर का नसते? २०२२ च्या लम्पीत देशभर लाखाहून अधिक गाई-बैल मेले. हा रोग माश्या, डास आणि गोचिडांनी पसरवला. साचलेले शेण आणि तुंबलेली नाली हीच माश्या-डासांची घरे. लस टोचताना प्रत्येक जनावराला नवी सुई घ्या, असे तेव्हा सांगण्यात आले. लशीच्या बाटल्यांबरोबर तेवढ्या सुया पोहोचल्या होत्या का? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

मला मिळणारे उत्तर काय असेल, याची कल्पना आहे. प्राणिसंग्रहालये पर्यावरण मंत्रालयाच्या प्राधिकरणाकडे. कुत्री महानगरपालिकेकडे. दवाखाने राज्याकडे. आनंदनगरची प्रयोगशाळा कृषी संशोधन परिषदेकडे. माणसांचा रेबीज आरोग्य खात्याकडे. विषाणूला ही विभागणी माहीत नाही. १९६० च्या कायद्याने १९६२ मध्ये आपले मंडळ उभे राहिले, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यासारख्या बाईने ते उभे केले, ते जनावरांच्या वतीने सगळ्यांना जाब विचारण्यासाठी. मंडळानेच दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवले, तर जनावराने कोणाकडे जायचे?

त्याच १९६० च्या कायद्यात, जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पासष्ट वर्षे होऊन गेली तरी तो तेवढाच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपण दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला आणि ७ डिसेंबरपर्यंत लोकांच्या सूचना मागवल्या. लोकांनी विश्वास ठेवून त्या पाठवल्या. त्याला आता तीन वर्षे उलटली. मसुद्याचा कायदा झाला नाही आणि का झाला नाही हे सूचना पाठवणाऱ्यांना कोणी कळवले नाही. पन्नास रुपयांत आज ब्लीचची एक बाटली येते. घाणेरडा पिंजरा ठेवणाऱ्याला दंड भरणे आणि पिंजरा धुणे यांत काय स्वस्त पडते, हे तो पाहतोच.

पैसे नाहीत असेही आपण म्हणू शकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महामारी निधीतून अडीच कोटी डॉलरचा प्रकल्प आपल्या विभागाने सुरू केला. उद्देश होता जनावरांतून माणसांत येणाऱ्या साथींसाठी देशाची तयारी. त्यानंतर दोन महिन्यांत गोरेवाड्याचे वाघ गेले. त्या प्रकल्पात प्रयोगशाळा आहेत, प्रशिक्षण आहे, रोगांवर नजर ठेवण्याची व्यवस्था आहे; सगळे आवश्यक आहे, मी त्याविरुद्ध नाही. त्यातला किती भाग जनावरांच्या पिंजऱ्यापर्यंत, खराट्यापर्यंत, हातमोज्यांपर्यंत पोहोचणार आहे, एवढे सांगावे.

कसे लिहायचे हे आपल्याला येत नाही असे नाही, म्हणून तर राग येतो. बर्ड फ्लूच्या कृती आराखड्यात आपणच लिहून ठेवले आहे की रोग आढळलेल्या जागेपासून किती अंतरावर काय करायचे, खाद्य आणि लिटर (शेडमध्ये अंथरलेला भुसा) कसे नष्ट करायचे, शेड कशी निर्जंतुक करायची आणि शेवटी जागा शुद्ध झाल्याचे प्रमाणपत्र कोणी द्यायचे. सहीसकट सगळे. नवापूरच्या कुक्कुटपालकांनी ते दोनदा अनुभवले आहे. म्हणजे कोंबड्या मारून झाल्यावर जागा कशी धुवायची याला सरकारी प्रमाणपत्र आहे. जनावरे जिवंत असताना मात्र नाही. असे का?

माझी मागणी मोठी नाही. आपल्या मान्यतेवर किंवा आपल्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक जागी धुलाईची एक पानी पद्धत तिथल्या कामगाराच्या भाषेत भिंतीवर लावावी, औषधाचे प्रमाण आणि मिनिटे लिहून. रोजच्या धुलाईची वही ठेवावी आणि ती कोणालाही पाहता यावी. न सांगता तपासणी व्हावी. फरशीवरचे नमुने राज्याच्या प्रयोगशाळेत जावेत आणि निकाल केंद्राच्या नावासकट प्रसिद्ध व्हावेत. ही पद्धत मान्यतेची अट करावी, सल्ला म्हणून नको. सल्ले आम्ही पुष्कळ वाचले. कामगारांच्या लशीचा पुरावा दाखवल्याशिवाय केंद्राचे बिल मंजूर होऊ नये.

यांपैकी काय करणार, कधीपर्यंत करणार आणि त्यासाठी जबाबदार अधिकारी कोण, याचे लेखी उत्तर मला हवे आहे. कोणत्याही भाषेत चालेल. ‘योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा मारून हे पत्र राज्याकडे आणि राज्याकडून महानगरपालिकेकडे पाठवू नये, ही विनंती. तिथल्या लोकांशी मी वेगळे बोलेन. हे पत्र आपल्यालाच लिहिले आहे.

आपला,
एक नागरिक
अवधपुरी, भोपाळ